कोटाच्या पोटात

आपल्याकडे सूट शिवायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो कापडाचा. "कुठलं घेतलंस?" दुसरा रंगाचा. तिसरा, जरा दबक्या आवाजात, किमतीचा. पण "कोटाच्या आत काय घालतोय रे तुझा टेलर?" हा प्रश्न आजवर एकाही लग्नघरात मी ऐकलेला नाही. आत म्हणजे अस्तर नव्हे. अस्तर दिसतं, म्हणून त्याच्यावर भरपूर चर्चा होते. हल्ली तर कोट उघडला की आत मोरपिसं नाहीतर जुन्या मोटारींची चित्रं असा प्रकार असतो. मी म्हणतोय ते कापड आणि अस्तर यांच्या मधोमध बसलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, आतून दिसत नाही, आणि कोट कोटासारखा दिसतो तो त्याच्याच जिवावर.

तर माझं म्हणणं सरळ आहे. वीस-पंचवीस हजारांच्या सुटात आपण पैसे मोजतो ते कापडाचे आणि दुकानाच्या पाटीचे. कोट टिकतो किंवा फसतो तो या मधल्या थरावर. आणि त्याबद्दल दुकानात अवाक्षर निघत नाही. आपल्या धंद्यात स्क्रीन चकाचक आणि मागे सगळं हार्डकोड केलेलं अशी प्रॉडक्ट्स विकली जातात, पण निदान डेमोत कोणीतरी खवट प्रश्न विचारतोच. टेलरच्या दुकानात आपण सगळे गप.

आधी थोडं शरीरशास्त्र बघू. (कोटाचं!)

सुटाचं कापड पातळ असतं. नुसतंच शिवलं तर ते शर्टासारखं लोंबेल. शिवाय कापड सपाट आणि माणसाची छाती काही सपाट नाही. तेव्हा पुढच्या दोन्ही भागांना आतून आधार लागतो, आणि तोही असा की जो आकार घेईल आणि धरून ठेवेल. हा आधार म्हणजे कॅनव्हास. नाव ऐकून पांढरे बूट किंवा चित्रकार डोळ्यांसमोर येत असतील तर ते विसरा. टेलरचा कॅनव्हास म्हणजे लोकर किंवा सुती धाग्यांत बकरीचे किंवा घोड्याचे केस विणलेलं भरड कापड. छातीच्या भागात त्यावर आणखी एक तुकडा येतो, जास्त ताठ, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. हे केस आडवे विणलेले असतात, उभा धागा साधा. त्यामुळे हा तुकडा आडव्या दिशेने स्प्रिंगसारखा उसळतो आणि उभ्या दिशेने निमूट खाली पडतो. मुठीत चुरगळा, सोडा, पुन्हा जागेवर. त्यावर फेल्टसारखा एक मऊ थर, केस बाहेर येऊन टोचू नयेत म्हणून.

आता खरी गंमत पुढे आहे. हा कॅनव्हास कापून, त्यात डार्ट घालून, वाफेच्या इस्त्रीने त्याला छातीचा फुगवटा देतात. मग पुढच्या कापडाच्या मागे तो टाक्यांनी जोडतात, पण घट्ट नाही. टाके सैलसर, थर एकमेकांवर थोडे सरकू शकतील असे. लॅपलला मात्र वेगळी वागणूक. कारागीर लॅपल बोटावर वळवून धरतो आणि त्या वळलेल्या अवस्थेतच कॅनव्हास आणि कापड बारीक तिरक्या टाक्यांनी जोडत जातो. एका लॅपलला असे शेकडो टाके. सुई कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलते, म्हणजे उलट्या बाजूला टाका दिसत नाही. थर वळलेले असताना शिवल्यामुळे लॅपलला ते वळण कायमचं लक्षात राहतं. चांगल्या कोटाची लॅपल पहिल्या बटणाजवळ कागदाच्या घडीसारखी दुमडत नाही, हलकेच वळून वर जाते. तो सगळा खेळ या टाक्यांचा. कॉलरचंही तसंच. मानेमागे कोट चिकटून बसतो की मध्ये फट दिसते, हे बरंचसं आतल्या कॉलरला इस्त्रीने दिलेल्या आकारावर ठरतं.

हे सगळं करायला वेळ लागतो. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांनी २००४ मध्ये आपली संघटना काढली. तिच्या नियमात एका सुटाला किमान ५० तासांचं हातकाम असावं अशी अट आहे. आठवड्याचे कामाचे दिवस आणि वर शनिवार, एका सुटापायी.

वेळ म्हणजे पैसा, म्हणून दुसरा मार्ग आला. तयार कपड्यांच्या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पसरला आणि आता सगळीकडे आहे. त्याचं नाव फ्यूजिंग. आपल्याकडचे टेलर त्याला पेस्टिंग म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. एका पातळ कापडावर प्लास्टिक जातीच्या डिंकाचे बारीक ठिपके असतात. ते सुटाच्या कापडाच्या मागे ठेवायचं, साधारण १३० ते १५० अंश तापमानाच्या प्रेसमध्ये दहा-वीस सेकंद दाबायचं. झालं. कुठे ५० तास आणि कुठे वीस सेकंद. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा सामना केव्हाच संपलेला आहे.

मग फरक काय पडतो? "काही फरक पडत नाही हो साहेब, उलट कडक दिसतो" हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या दुकानांत, जवळपास याच शब्दांत ऐकलंय. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी दोन कोट काढून बसलो. एक बाबांचा, १९९३ सालचा, त्यांच्या लग्नात गावातल्या टेलरने शिवलेला. दुसरा मावसभावाचा रेडिमेड ब्लेझर, चार वर्षांचा, बोहारणीला द्यायला काढलेला. बाबांच्या कोटाला आईने कात्री लावू दिली नाही. खालच्या कडेचं अस्तर चारेक बोटं उसवायची परवानगी मिळाली, तीही "पुन्हा शिवायचं कोणी?" या प्रश्नासकट. आत तपकिरी कॅनव्हास निघाला. बोटाला केस टोचत होते. पांढऱ्या धाग्याचे टाके काही सरळ, काही दारू प्यायल्यासारखे, पण थर सुटे. तीस वर्षांपेक्षा जास्त पावसाळे गोदरेजच्या कपाटात काढून या कोटाची छाती अजून फुगलेली आहे. (बाबांची त्याच्या आत मावत नाही, तो भाग वेगळा.)

मावसभावाचा ब्लेझर पूर्ण उसवला. आत छातीला फोमसारखा एक तुकडा होता आणि बाकी सगळीकडे कापडाला चिकटवलेलं पांढरं पातळ जाळं. उजव्या लॅपलवर आणि खिशाखाली फोड आले होते. जुन्या घराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि रंगाला फुगे येतात, हुबेहूब तसे. फोडाजवळ नखाने ओढलं तर जाळं टराटरा सुटत आलं. फोड नव्हते तिथे मात्र चिमट्यानेही निघेना.

आता इंजिनिअर असल्याचा थोडा उपयोग करू. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये पास होण्यापुरतं जे वाचलं होतं ते इथे चपखल बसतं. एक पट्टी वाकवायला समजा एवढा जोर लागतो. तशाच दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर दुप्पट जोर लागेल, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात. पण त्याच दोन पट्ट्या पक्क्या चिकटवल्या तर जोर लागतो आठपट, कारण वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पटत नसेल तर प्रिंटरच्या कागदांचा गठ्ठा वाकवून बघा आणि मग तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा वाकवून बघा. कॅनव्हासचा कोट हा गठ्ठा आहे, पेस्टिंगचा कोट हा पुठ्ठा. कापडात आदर्श गणित चालत नाही, डिंक ठिपक्यांत असतो, जाळं मऊ असतं, सगळं मान्य. दिशा मात्र हीच. दुकानात हँगरवर पुठ्ठाच जास्त रुबाबदार दिसतो. अंगात घालून तुम्ही हात वर केलात, खुर्चीत बसलात, कोणाला वाकून नमस्कार केलात, की गठ्ठा तुमच्याबरोबर येतो आणि पुठ्ठा त्याला वाटेल तिथे मोडतो.

फोड का येतात तेही असंच सोपं आहे. जुन्या इस्त्रीतली दोन धातूंची पट्टी आठवा, तापली की एक धातू जास्त वाढतो आणि पट्टी वाकते. कोटात लोकरीचं कापड आणि मागचं जाळं, दोघांचं आटण्याचं प्रमाण वेगळं. ड्रायक्लीनचं द्रावण, वाफ, दमट हवा यांनी एक आटतो, दुसरा आटत नाही, आणि मधला डिंक बिचारा दोघांचं भांडण सोडवत बसतो. जिथे तो हरतो तिथे फोड. इस्त्रीवाला वरून गरम इस्त्री दाबून "बसवून देतो" म्हणतो. दोन दिवस बसतोही. नंतर पुन्हा वर येतो, कारण डिंक पहिल्यासारखा सगळीकडे सारखा धरत नाही. कॅनव्हासचा टाका तुटला तर पुन्हा घालता येतो. सुटलेल्या डिंकाला असा इलाज नाही.

एवढं वाचून "पेस्टिंग म्हणजे फसवणूक" असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर थांबा. मी तसं म्हणत नाहीये. हल्लीचं चांगलं फ्यूजिंग पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलेलं आहे आणि तापमान, दाब, वेळ नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं टिकतं. उलट वाईट कॅनव्हास हा वाईट फ्यूजिंगपेक्षा भयंकर प्रकार आहे. कॅनव्हास आधी भिजवून, आटवून घ्यावा लागतो. तो टप्पा वाचवला तर पहिल्याच धुण्यात तो आत आकसतो आणि कोटाच्या पुढच्या भागाला कायमच्या सुरकुत्या. पुन्हा वर्षातून दोनदा, एक लग्न आणि एक क्लायंट व्हिजिट, एवढ्यासाठी सूट हवा असेल तर पूर्ण कॅनव्हासचे पैसे घालणं मला तरी वेडेपणा वाटतो. आपल्या हवेत अर्ध्या कॅनव्हासचा कोट हा सगळ्यात शहाणा व्यवहार. छाती आणि लॅपल, जिथे आकार लागतो, तिथे खरा कॅनव्हास, आणि खाली हलकं फ्यूजिंग. खाली खिशापाशी कोटाने उसळून करायचंय काय?

माझी तक्रार वेगळीच आहे. तीन प्रकारचा माल आहे, त्यांच्या मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बिलावर तिघांचंही नाव एकच, "थ्री पीस सूट शिलाई". कॅटलॉगमध्ये मात्र इंग्रजी विशेषणांची रेलचेल. 'बिस्पोक', 'हँडक्राफ्टेड', 'सिग्नेचर'. यातल्या 'बिस्पोक' शब्दाची तर त्याच्या माहेरीच कत्तल झालेली आहे. हा सॅव्हिल रोचा शब्द. गिऱ्हाइकासाठी कोऱ्या कागदावर नवा आराखडा काढून, बहुतेक हाताने शिवलेला सूट असा त्याचा अर्थ. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका कंपनीच्या जाहिरातीबद्दल तक्रार झाली की हे लोक यंत्रावर बनवलेल्या सुटाला बिस्पोक म्हणतात. तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने कंपनीच्या बाजूने कौल दिला. मापाने शिवलेला सूट म्हणजे बिस्पोक असंच आता लोक समजतात, तेव्हा ग्राहकाची दिशाभूल होत नाही, असं म्हणणं. म्हणजे शब्द तोच राहिला आणि आतला कॅनव्हास काढून घेतला. लंडनलाच ही गत, तर लक्ष्मी रोडवरच्या पाट्यांना मी काय बोलणार.

कापडाच्या बाबतीतही असाच एक आकडा आपल्या तोंडावर फेकला जातो. 'सुपर १२०', 'सुपर १५०'. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतू १८.७५ मायक्रॉनपर्यंत जाड, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. कोट किती चांगला शिवलाय याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उलट कापड जितकं बारीक तितकं नाजूक, आणि नाजूक कापडाच्या पाठीला डिंक लावला तर तो वरून जाणवण्याची शक्यता जास्त. तरी आपण सुपर १५० ऐकून भारावतो आणि आत जे येईल ते घेतो. मेगापिक्सेल बघून कॅमेरा घेणारी आपलीच जमात ही.

आता यावर एक वाजवी आक्षेप येऊ शकतो. इटलीतले लोक तर कोटातलं सगळं काढूनच टाकतात आणि त्यालाच जग डोक्यावर घेतं, त्याचं काय? बरोबर आहे. १९३० च्या दशकात नेपल्समध्ये रुबिनाची यांच्या 'लंडन हाउस' या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने इंग्लिश कोटाचं पोट रिकामं करायला घेतलं. खांद्याचे पॅड गेले, कॅनव्हास पातळ झाला, अस्तर कमी झालं. नेपल्सचं ऊन बघता हे कधीतरी व्हायचंच होतं. पुढे १९७० च्या दशकात जॉर्जो अरमानीने मोठ्या प्रमाणावर तेच केलं आणि १९८० च्या 'अमेरिकन जिगोलो'मध्ये रिचर्ड गेअरने ते सगळ्या जगाला घालून दाखवलं. पण यात मेख अशी आहे की आधार जितका कमी तितकी कापणाऱ्याची परीक्षा मोठी. कॅनव्हास आणि पॅड पुष्कळ चुका पोटात घालतात. ते काढलेत की उतरता खांदा, खाली आलेलं बगलेचं भोक, सगळं उघड्यावर. म्हणून नेपल्सचा मऊ कोट हे काटकसरीचं उदाहरण होत नाही. आपल्याकडे 'अनस्ट्रक्चर्ड' म्हणून जे विकतात त्यात मात्र बऱ्याचदा आकार द्यायची मेहनत तेवढी वाचवलेली असते, किंमत नाही.

यात भरडला जातो तो कारागीर, हे मला जास्त लागतं. पाटीवरच्या दुकानात माप घेणारा मास्टर वेगळा आणि शिवणारे हात वेगळे, कुठल्या तरी माळ्यावर. शिलाई नगावर. लॅपलला चारशे टाके घालणारा आणि प्रेसचं झाकण पाडणारा यांना गिऱ्हाईक सारखेच पैसे देणार असेल, तर चारशे टाके कोण घालेल? बाबांच्या त्या गावातल्या टेलरला फ्यूजिंगचा पर्याय हाताशी नसेलही कदाचित. पण आज ज्याला दोन्ही येतं, त्याला पहिलं काम करायचं कारण आपण द्यायला हवं, आणि ते कारण म्हणजे आपण त्याचे वेगळे पैसे मोजणं.

शिवलेला कोट तपासायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. खालच्या काजाच्या थोडं खाली कोटाचा पुढचा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि बाहेरचं कापड आतल्या बाजूपासून हलकेच वेगळं ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास खालपर्यंत आहे. नाही जाणवला तर हेच छातीपाशी करून बघा. तिथे जाणवला तर अर्धा कॅनव्हास. कुठेच नाही, तर पेस्टिंग. ही चाचणी शंभर टक्के खरी नाही. काही जण कॅनव्हास घालून शिवाय कापडाला हलकं फ्यूजिंगही करतात. लॅपलच्या मागे टाक्यांच्या बारीक खळ्या दिसल्या तरी हुरळून जाऊ नका, ते टाके घालणारी मशिनंही आहेत.

त्यापेक्षा खात्रीचा उपाय कोट शिवायला टाकतानाच असतो. मास्टरला विचारायचं, "कच्ची ट्रायल देणार का?" कच्ची म्हणजे पांढऱ्या धाग्याच्या लांब टाक्यांनी जोडलेला, खिसे नसलेला, अस्तर नसलेला कोट. तो अंगावर घातला की कॅनव्हास समोर दिसतो, हात लावता येतो, आणि खांदा चुकला असेल तर मास्टर तिथल्या तिथे धागा ओढून उसवतो. "ट्रायलची गरज नाही साहेब, एकदम फिनिशिंग करूनच देतो" असं उत्तर आलं तर आत काय येणार आहे ते कळलं. मग ते पेस्टिंगच्या भावात घ्या. आणि ट्रायलला जाताना टी-शर्ट घालून जाऊ नका, आत जो शर्ट घालणार आहात तोच घालून जा.